सात टाक्यांचं अतिक्रमण

स्वेटर जवळजवळ संपला होता. धड विणून झालं होतं, दोन्ही बाह्या झाल्या होत्या. मुंढे कापायचे, त्यात बाह्या जोडायच्या आणि गळ्याला लाल पट्टी विणायची, एवढंच राहिलं होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं मोजणीदार ज्याला त्याला सांगत. हत्तीच्या मानाने शेपूट फार लांब असू शकतं, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

हत्ती अर्थात त्यांच्या बायकोने विणला होता. मोजणी खात्यातून ते निवृत्त झाले त्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि बायकोने त्याच संध्याकाळी टेप घेऊन त्यांच्या छातीचं माप घेतलं. घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. स्वेटर मात्र सव्वादोन वर्षं चालू होता. नॉर्वेजियन नमुन्याचा, निळ्यावर पांढरा. छातीवर आठ पाकळ्यांच्या चांदण्या आणि खाली सगळीकडे पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांना तिकडे ‘उवा’ म्हणतात, ही माहिती बायकोने एकदा दिली तेव्हापासून मोजणीदार तो स्वेटर मांडीवर घेत नसत.

मग एका सकाळी गॅलरीतल्या ओल्या फरशीवरून बायकोचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि हात धुता धुता सांगितलं, “बाकी सगळं जमेल हळूहळू. पण असं मोठं, बारीक विणकाम आता विसरा. टोपी, मोजे, असलं काहीतरी करा.”

घराचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून ती म्हणाली, “म्हणजे मोठा असा हा शेवटचा.” आणि मग गॅस बंद केला होता का, ते विचारलं.

घरात आल्यावर मोजणीदारांनी पायातल्या चपला काढल्या आणि जाहीर केलं, “उरलेलं मी करतो.”

ट्रक चालवून बघतो म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. “कात्री चालवावी लागेल.”

“चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं? सख्ख्या भावांच्या जमिनीतून रेघ ओढली आहे. एकाच्या विहिरीतून गेली रेघ, तरी हात थरथरला नाही.”

“ते भाऊ मी विणले नव्हते,” बायको म्हणाली.

आता ही कात्रीची भानगड नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. साधा स्वेटर पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा असा विणतात आणि मग शिवतात. हा तसा नव्हता. दोन रंगांचं काम उलट्या बाजूने विणताना डोळ्यांपुढे चांदण्या चमकतात, म्हणून तो गोल सुईवर नळीसारखा, गोल गोल, खालपासून खांद्यापर्यंत सलग विणायचा. नळीला हात घालायला भोक नसतं. ते नंतर करायचं. त्यासाठी दोन्ही कुशींना, काखेपासून खांद्यापर्यंत, पाच पाच टाक्यांचा एक उभा पट्टा सोडलेला असतो, एक टाका निळा, एक पांढरा, असा, रजिस्टरच्या समासासारखा. पट्ट्याच्या दोन्ही कडांनी मशीनची शिवण मारायची आणि मधून सरळ कात्री घालायची. सव्वादोन वर्षं विणलेल्या वस्तूत कात्री घालायची, हे ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने कधी काही विणलेलं नाही. मोजणीदारांच्या पोटात गोळा आला नाही.

त्यांनी लगेच कात्री घातली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण परदेशातून मागवलेली गळ्याची लाल लोकर आली नव्हती आणि बायकोचं म्हणणं पडलं, की सगळं सामान हाताशी आल्याशिवाय कापायचं नाही. कापलेली गोष्ट पडून राहिली की बिघडते. हे म्हणणं मोजणीदारांना पटलं. अर्धवट मोजणी सोडून जेवायला गेलं की माघारी येईपर्यंत खुंट्या हललेल्या असतात, हा त्यांचाही अनुभव होता. ते पार्सल आणायला टपाल कचेरीत गेले.

पार्सल आलं होतं, पण अडकलं होतं. त्यावर चिठ्ठी होती : ‘प्राणिजन्य पदार्थ. फॉर्म भरून घेणे.’

“आत काय आहे?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“लोकर.”

“कुठल्या प्राण्याची?”

“मेंढी.”

“मेंढी जिवंत आहे?”

मोजणीदार विचारात पडले. खोटी माहिती द्यायची त्यांना सवय नव्हती. “लोकर कापली तेव्हा असावी. आजचं सांगता येणार नाही.”

“मग ‘माहीत नाही’ लिहा. रिकामं सोडू नका. रंग?”

“लाल.”

“मेंढी लाल?”

“लोकर लाल आहे.”

“फॉर्म मेंढीचा आहे,” कारकून शांतपणे म्हणाला.

दुसरा कुणी असता तर भडकला असता. मोजणीदारांना मात्र त्या खिडकीपाशी फार बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून इतक्या आपुलकीने त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मेंढीचा मूळ रंग ‘अंदाजे पांढरा’ असा लिहून खाली सही केली, आणि फॉर्मच्या दोन प्रती हव्यात का, असं आपण होऊन विचारलं. कारकुनाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “साहेब नोकरीत कुठे होते?” मग दोघांनी मिळून चहा घेतला. पण कागद वरच्या कचेरीत जाणार आणि तीन आठवडे लागणार, ते लागणारच होते. नियमाला मैत्री कळत नाही आणि कळूही नये, याबद्दल दोघांचं एकमत झालं.

अशा रीतीने मोजणीदारांना तीन आठवडे मोकळे मिळाले, आणि समोर एक न मोजलेली वस्तू.

चौथ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वेटर पसरला, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले, टेप काढला, वही उघडली आणि मोजणी सुरू केली. एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत पुढून टाके एकशे चौतीस. मागून एकशे सहा. त्यांनी परत मोजलं. मग दहा दहा टाक्यांवर टाचण्या लावून मोजलं. मग उजवीकडून डावीकडे मोजलं, कारण एक जुने साहेब म्हणत, जमीन एका बाजूने खोटं बोलते, दोन्ही बाजूंनी बोलत नाही. एकशे चौतीस आणि एकशे सहा.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “तुझी चूक झाली आहे.”

बायको डाव्या हाताने मटार सोलत होती. “कुठे?”

“दोन्ही हद्दी सरकल्या आहेत. पुढचा भाग मागच्या भागात इकडून सात टाके आणि तिकडून सात टाके घुसला आहे.”

“असू दे.”

“असू दे कसं? हा मागच्या भागावर अन्याय आहे.”

“मागचा भाग तक्रार करतोय का?”

“तक्रार नसली म्हणून अतिक्रमण कायदेशीर होत नाही.”

बायकोने मटारावरून नजर उचलली. क्षणभर त्यांच्या सदऱ्याच्या चौथ्या बटणाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. “तुम्ही आपले पट्ट्यावर कापा,” ती म्हणाली. “पट्टा त्यासाठीच आहे.”

मोजणीदारांना वाईट वाटलं. चूक झाली म्हणून नव्हे. चुका हाताखालच्या सगळ्यांच्याच होतात. पण चूक दाखवल्यावर जे ‘असू दे’ म्हणतात त्यांचं पुढे काय होतं, हे त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. बायकोचं मनगट मोडलेलं, हे तिचं शेवटचं मोठं काम. त्यात अशी उणीव राहावी आणि आपल्याला ती माहीत असावी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी ठरवलं की हद्द आपण दुरुस्त करायची आणि त्याबद्दल तिला काही बोलायचं नाही. मनाचा मोठेपणा ही फार धोकादायक गोष्ट आहे.

त्यांनी दोन्ही कुशींना, पट्ट्यापासून बरोबर सात टाके पुढे सरकून, पांढऱ्या दोऱ्याने नवी हद्द टाचली. ही रेघ दोन्हीकडे कडेच्या चांदणीच्या एका पाकळीतून जात होती. विकासकामात थोडं नुकसान व्हायचंच, असं मानून त्यांनी ते सोडून दिलं.

मग ते स्वेटर घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेले.

“काकूंचा का?” टेलरमास्तरांनी स्वेटर उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. “वा. उलट बाजूने धागे बघा, एक लोंबत नाही. हा पट्टा दिसतोय, याच्या दोन्ही अंगांनी शिवण मारू ना?”

“पट्ट्यावर नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या रेघेवर.”

“इथे तर चांदणी आहे.”

“आहे.”

“काकूंना विचारलंत?”

“ती म्हणाली, असू दे.”

टेलरमास्तरांनी या उत्तराचा सगळ्या बाजूंनी विचार केला. “साहेब, गिऱ्हाईक सांगेल तशी शिवण मारायची, हा माझा धंदा आहे. पण काकूंनी विचारलं तर मी म्हणणार, मी हो म्हटलं नव्हतं.” आणि त्यांनी बारीक टाक्याची, दुहेरी, निळ्या दोऱ्याची शिवण दोन्हीकडे मारली. निळ्या लोकरीवर निळा दोरा. मग टाचलेला पांढरा दोरा ओढून टाकला. काम इतकं सफाईचं झालं, की शिवण शोधायला बोट फिरवावं लागत होतं.

घरी आल्यावर मोजणीदारांनी स्वेटर कपाटात कुलपात ठेवला. बायकोने मागितला तेव्हा ते म्हणाले, की मोजणीखाली असलेली मिळकत निकाल लागेपर्यंत कुणाच्या ताब्यात देता येत नाही. ती हसली. तिला वाटलं गंमत करताहेत.

पार्सल सुटल्याची चिठ्ठी आली त्याच दिवशी इमारतीच्या खालच्या फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, एक कागद लागला :

‘सर्व संबंधितांस कळवण्यात येते की तिसऱ्या मजल्यावरील एक नग स्वेटर (निळा) याच्या दोन्ही कुशी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पंचांसमक्ष कापण्यात येतील. कोणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावी. त्यानंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.’

दोन हरकती आल्या. तळमजल्यावरच्या बँकवाल्यांनी लिहिलं की रविवारी दहाला मॅच आहे, तरी नऊची वेळ ठेवावी. ती मान्य झाली. दुसरी हरकत वरच्या मजल्यावरच्या सिस्टरची होती. सिस्टर तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना लेखी काही द्यायची सवय नव्हती. त्यांनी जिन्यातच गाठून विचारलं, “भूल कुणाला देणार, काकूंना की तुम्हाला?” मोजणीदारांनी ही हरकत फेटाळली, पण त्या पंच म्हणून येतील का, ते विचारलं. सिस्टर म्हणाल्या, की कात्री त्या स्वतःची आणतील. घरगुती कात्र्यांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

रविवारी नऊ वाजता दिवाणखान्यात सगळे जमले. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर स्वेटर. शेजारी सिस्टरची कात्री, उकळून कोरडी केलेली. बँकवाले सहीसाठी पेन घेऊन आले होते. टेलरमास्तर दाराला पाठ लावून उभे होते. आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बायको प्लॅस्टरचा हात गळ्यातल्या झोळीत घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने मोजणीदारांकडे पाहून मान हलवली, म्हणजे करा सुरू.

मोजणीदारांनी स्वेटरचं वर्णन, लांबी, रुंदी आणि चतुःसीमा वाचून दाखवल्या. मग कात्री उचलली. कात्री धारदार होती. करर्र असा फार लहान आवाज झाला.

“थांबा,” बायको म्हणाली.

ती केव्हा उठली ते कुणाला दिसलं नाही. तिने डाव्या हाताचं बोट कापलेल्या जागेवरून वर नेलं, शिवणीवरून, चांदणीवरून, खांद्यापर्यंत. मग तसंच खाली आणलं. मग शेजारच्या पट्ट्यावर ठेवलं. पट्टा होता तसाच होता. न शिवलेला, न कापलेला.

सिस्टरनी मोजणीदारांच्या हातातून कात्री काढून घेतली. न विचारता, टेबलापलीकडून, तीस वर्षांच्या सवयीने.

“मी हो म्हटलं नव्हतं,” टेलरमास्तर दारातून म्हणाले.

“किती टाके गेले?” बायकोने विचारलं.

मोजणीदारांनी वाकून पाहिलं. “चार.”

“हलवू नका. सिस्टर, टाचणी लावा तिथे, नाहीतर खालपर्यंत ओघळेल.” तिचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त ती श्वास घ्यायला मधे मधे थांबत होती. टाचण्या लागेपर्यंत ती स्वेटरकडेच बघत राहिली. मग मोजणीदारांना म्हणाली, “टेप आणा. आणि वही.”

मोजणीदारांनी आणली.

“उभे राहा. हात वर करा. सिस्टर, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. आधी मागून.”

“अठरा,” सिस्टर म्हणाल्या.

“लिहा.”

मोजणीदारांनी एक हात खाली घेऊन लिहिलं, परत वर केला.

“आता पुढून, पोटावरून. आणि तुम्ही श्वास सोडा. पूर्ण. अजून आहे आत.”

त्यांनी सोडला. सिस्टरनी टेप ओढला, थांबल्या, आणि व्यवसायाला शोभेल अशा कोरड्या आवाजात म्हणाल्या, “तेवीस.”

“लिहा. फरक किती?”

“पाच इंच,” मोजणीदार म्हणाले.

“एका इंचात टाके किती बसलेत?”

“साडेपाच.”

“मग?”

मोजणीदारांनी वही जवळ ओढली. बँकवाल्यांनी मनात गुणाकार केला होता. “साडेसत्तावीस,” ते म्हणाले. मग त्यांना वाटलं, की बोलायला नको होतं.

“अर्धा टाका विणता येत नाही,” बायको म्हणाली. “म्हणून अठ्ठावीस.”

मोजणीदारांनी वहीतल्या आकड्यांकडे पाहिलं. एकशे चौतीस, एकशे सहा. आकडे बरोबर होते. मोजणीही बरोबर होती. फक्त ज्याची जमीन तो माणूस मोजायचा राहिला होता. खात्यात असं झालं असतं तर त्यांनी मोजणी करणाऱ्याला जागच्या जागी कारणे दाखवा नोटीस दिली असती.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“काय सांगणार? तुम्ही माप देताना छाती भरून उभे राहता. माप घेऊन झालं तरी दोन मिनिटं श्वास सोडत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही दाढी करत होतात तेव्हा मी मागून येऊन दोरीने माप घेतलं. तुम्ही विचारलंत काय करतेस, मी म्हटलं पाठीला साबण लागलाय.” ती परत खुर्चीत बसली. “मटार सोलताना सांगणार होते. म्हटलं, जाऊ दे, पट्ट्यावर कापतील. पट्टा इतका स्वच्छ दिसतोय, की आंधळाही पट्ट्यावर कापेल.”

“आंधळा कापेल,” टेलरमास्तर म्हणाले. “डोळस माणसाचं सांगता येत नाही.”

पंचनामा लिहायचा राहिला होता. बँकवाले म्हणाले राहू दे, मॅच सुरू होईल. पण मोजणीदार टेबलाशी बसले आणि त्यांनी तो पूर्ण लिहिला : ‘जागेवर अतिक्रमण आढळून आले. अतिक्रमण जुने व कायम स्वरूपाचे आहे. अतिक्रमण करणार : खुद्द मोजणीदार. विणणाऱ्या व्यक्तीने त्याची आधीच रीतसर नोंद घेतली होती. चार टाक्यांचे नुकसान, जबाबदार वरीलप्रमाणे.’ खाली सही केली. पंचांनीही केली. टेलरमास्तरांनी सहीपुढे कंसात लिहिलं, की आपण हो म्हटलं नव्हतं.

मग उसवणं सुरू झालं. निळ्या लोकरीतून निळा दोरा, दुहेरी, बारीक टाक्याचा. टेलरमास्तर म्हणाले, आयुष्यात इतकं चांगलं काम केल्याचा पहिल्यांदाच पस्तावा होतोय. रोज सकाळी मोजणीदार खिडकीशी बसत, डोळ्याला भिंग, हातात सुई, आणि शेजारी बायको. तिला हात लावता येत नव्हता, बोलता येत होतं.

“ओढू नका. उचला.”

“उचलतोच आहे.”

“ओढताय. लोकर रडायला लागली की कळतं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन टाके कापले. सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “दिसलं मला. पुढे चला.” त्या दिवशी ती मधेच उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी जागेवर लावत राहिली. भांडी आधीच जागेवर होती. मोजणीदार सुई हातात धरून बसून राहिले. तिने ओरडावं, असं त्यांना फार वाटलं. ओरडण्यावर उत्तर देता येतं.

नऊ दिवसांनी शिवण निघाली. मग सहा टाके परत भरायचे होते. उरलेल्या निळ्या-पांढऱ्या लोकरीच्या तुकड्यांनी, सुईने, शेजारच्या टाक्याची वाट बघून बघून एकेक वेटोळं घालायचं. पहिला टाका भरायला त्यांना अख्खी सकाळ लागली. ती म्हणाली, “सैल.” त्यांनी काढला. परत भरला. “घट्ट.” परत काढला. मोजणीदारांच्या लक्षात आलं की या कामात सैल आणि घट्ट यांच्या मधे जी जागा आहे ती कुठल्याही टेपवर नाही. असे टाके तिने किती घातले असतील, याचा त्यांनी हिशेब करायला घेतला. दोनशे चाळीस गुणिले ओळी. ओळी मोजता मोजता छातीपर्यंत आले आणि त्यांनी हिशेब सोडून दिला. चौतीस वर्षांत त्यांनी अर्धवट सोडलेली ही पहिली मोजणी.

सहावा टाका भरल्यावर तिने स्वेटर हातभर लांब धरला, मग जवळ घेतला. चांदणीची ती पाकळी किंचित वाकडी होती, घाईत केलेल्या सहीसारखी.

“वाकडी आहे,” ते म्हणाले.

“आहे.”

“परत काढू?”

“नको.” तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला. “बसलीय ती. आता नको छेडायला.”

टेलरमास्तरांनी पट्ट्याच्या दोन्ही कडांनी नव्या शिवणी मारल्या. या वेळी काकूंची सही तेवढी मागितली नाही, पण आधी तीन मजले चढून येऊन त्यांना तोंडी विचारून गेले.

या वेळी नोटीस लागली नाही. पंच नव्हते. मंगळवारी दुपारी टेबलावर स्वेटर पसरून मोजणीदारांनी कात्री हातात घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं, की हात थरथरतोय. भावांच्या विहिरीतून रेघ ओढताना थरथरला नव्हता तो.

“थांबू या का?” त्यांनी विचारलं.

बायकोने डावा हात स्वेटरच्या आत घातला आणि तळवा पट्ट्याच्या खाली सपाट ठेवला, म्हणजे मागच्या बाजूचा टाका कात्रीत येणार नाही. “माझा हात खाली आहे,” ती म्हणाली. “आता कापा.”

तिच्या हातावरून त्यांनी कापत नेलं. एक निळा, एक पांढरा, त्यांच्या मधून. खालून वर, खांद्यापर्यंत. विणलेलं फाकलं, बाजूला झालं आणि तसंच राहिलं. एकही टाका ओघळला नाही. दुसरी कूसही झाली. मग दोघं थोडा वेळ त्या दोन भोकांकडे बघत बसली, लेकराला दात आल्यावर बघावं तशी.

बाह्या त्यांनीच जोडल्या, ती सांगेल तशा. लाल गळाही त्यांनीच विणला. दोन टाके सुलट, दोन उलट, एवढंच काम होतं. त्यात ते अकरा वेळा चुकले, आणि अकराही वेळा तिने आपण होऊन काही न बोलता त्यांचं त्यांना सापडेपर्यंत वाट पाहिली. तिचं प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात गळा पूर्ण झाला.

स्वेटर त्यांना असा बसला, की सिस्टर बघतच राहिल्या. पुढून ताण नाही, मागून झोळ नाही. टेलरमास्तरांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांत या माणसाच्या अंगावर नीट बसलेला हा पहिला कपडा. बँकवाल्यांनी पाकळी वाकडी असल्याचं दाखवलं. बायको म्हणाली, ती यांनी विणलेली आहे. मोजणीदारांना आपण लाजतोय असं वाटलं.

पण पुरुषाचा स्वाभिमान ही काही अशी सहज बरी होणारी जखम नव्हे. चारचौघांत, टेपने, तेवीस. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणीदार कुणाला न सांगता रोज पहाटे फिरायला जाऊ लागले होते. आधी नदीच्या पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. पोट जड वाटतंय असं सांगून भात अर्धा केला. चहात साखर बंद केली. वहीच्या शेवटच्या पानावर रोजचं माप लिहीत. थंडी चांगली पडली आणि स्वेटर रोज अंगावर येऊ लागला, तोवर त्यांनी अडीच इंच परत मिळवले होते.

एका दुपारी जेवायला बसताना बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन स्वेटरच्या खालून हात आत घातला. हात, तोच, नुकता प्लॅस्टरमधून निघालेला, पोट आणि लोकर यांच्या मधे आरामात मावला.

“हे काय?”

“अडीच इंच,” मोजणीदार म्हणाले. हा क्षण त्यांनी बऱ्याच दिवसांपासून राखून ठेवला होता. “दीड महिन्यात. पुढच्या दीड महिन्यात मागचं-पुढचं सारखं करतो.”

तिने समोरच्या चांदण्यांकडे पाहिलं. त्या मधोमध किंचित खचल्या होत्या आणि खाली ठिपक्यांना घडी पडली होती. तिने ती घडी सरळ केली. सोडली की परत पडली.

“म्हणजे चौदा टाके,” ती म्हणाली. रागावली नव्हती. “मला आता दुसरा विणता यायचा नाही हो.”

मोजणीदारांनी खाली स्वेटरकडे पाहिलं. मग तिच्या मनगटाकडे. मनगट अजून बारीक होतं आणि वाडगा उचलताना ते आधी विचार करत होतं. ते ताटावर बसले.

दुसऱ्या पहाटे ते फिरायला गेले नाहीत. सिस्टरनी जिन्यात विचारलं, तब्येत बरी आहे ना, तर म्हणाले, “हद्द कायम झाली आहे. आता फेरमोजणी नाही.” साखर परत सुरू झाली. भात पूर्ण झाला.

त्या दुपारी बायकोने वाढलं, त्यांनी खाल्लं. तिने परत वाढलं, त्यांनी परत खाल्लं. तिसऱ्यांदा डाव उचलला तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. “बास. आता खरंच बास.”

बायकोने स्वेटरच्या पुढच्या भागाकडे डोळे बारीक करून पाहिलं, मनात काहीतरी मोजलं.

“हात काढा,” ती म्हणाली. “अजून अकरा टाके बाकी आहेत.”